आवाज गेला की पब्लिक मागं बघतं

सिनेमा संपला तेव्हा पावणेबारा वाजून गेले होते. बाहेर पावसाची झड लागली होती. तात्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला. समोर आता काहीच नव्हतं, तरी.

"चालला नसता," ते म्हणाले. "पहिल्या खेळाला पोरं आली असती. दुसऱ्या खेळाला कुणी फिरकलं नसतं."

तात्या माझे थोरले चुलते. उभी हयात त्यांनी मशीनमागं काढली. आधी सातारा जिल्ह्यातल्या जत्रांमधून फिरणाऱ्या तंबूत आणि मग तालुक्याच्या गावच्या थेटरात, ते थेटर बंद पडेपर्यंत. मी सिनेमा शिकवते. सिनेमा बरा की वाईट हे कुणी ठरवायचं, यावरून आमचा वाद माझ्या कॉलेजच्या दिवसांपासून चालू आहे. म्हणूनच त्या रात्री मी मुद्दाम त्यांच्यासमोर 'कार्निव्हल ऑफ सोल्स' लावला होता. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स नावाच्या गावातल्या लोकांनी १९६२ साली काढलेला, ७८ मिनिटांचा काळापांढरा भुताचा सिनेमा.

"बरोबर ओळखलंत. चालला नाहीच," मी म्हणाले.

"मग वाद कशाचा?"

"वाद असा की सत्तावीस वर्षांनी, १९८९ साली, हाच सिनेमा तिकडच्या थेटरांत परत लागला. बाई तीच, ऑर्गन तोच, एक दृश्यही नव्यानं घेतलेलं नाही. आणि या खेपेला त्याची वाहवा झाली. रॉजर ईबर्टसारख्या मोठ्या समीक्षकानं त्याच्यावर लिहिलं. मग १९६२चं पब्लिक चुकलं होतं का? तुमच्याकडून मला एवढंच ऐकायचंय."

"पब्लिक चुकत नसतं." तात्यांचा आवाज एकदम करडा झाला. "दिवसभर उन्हात राबून माणूस संध्याकाळी तिकिटाला पैसे मोजतो. त्याला नाही आवडलं तर तो उठून जातो. त्याच्याइतकी खरी परीक्षा कोण करणार? तुझे लिहिणारे लोक पासवर येतात."

"पासवर येऊनसुद्धा माणूस खरं बोलू शकतो, तात्या."

"शकतो. पण त्याच्या खिशातून काही गेलेलं नसतं. बरं, मला आधी सांग, भुताच्या सिनेमात भूत कुठं होतं? तो एक पांढऱ्या तोंडाचा माणूस. ना कुणाचा गळा धरतो, ना रक्त काढतो. काचेतून बघतो, जिन्यात उभा राहतो, आणि जातो."

"तोच दिग्दर्शक."

"कोण?"

"तो पांढऱ्या तोंडाचा. हर्क हार्वी. नट परवडत नव्हता म्हणून स्वतःच तोंडाला रंग फासून उभा राहिला."

तात्या थोडा वेळ काही बोलले नाहीत. माणसानं आपल्या कामात स्वतः हात घातला की त्यांना ते पोचतं. ते खुर्चीत जरा पुढं सरकले आणि म्हणाले, "कोण होता हा?"

मी सांगितलं. लॉरेन्समध्ये सेंट्रॉन नावाची एक कंपनी होती. शाळांसाठी, कारखान्यांसाठी माहितीपट काढायची. मुलांनी कसं वागावं, मशीनवर काम करताना बोटं कशी सांभाळावीत, असले विषय. हार्वी तिथं पगारी दिग्दर्शक होता. शेकडो छोट्या फिल्म त्यानं केल्या. एकदा कॅलिफोर्नियाहून गाडीनं घरी परतताना युटा राज्यातल्या खाऱ्या सरोवराच्या काठावर संध्याकाळच्या उजेडात त्याला एक भलीमोठी इमारत दिसली. घुमट, मनोरे, आत नाचाचा प्रचंड दिवाणखाना, आणि माणूस एकही नाही. तिचं नाव सॉल्टेअर. १८९३ साली पाण्यात खांब रोवून उभारलेली ही करमणुकीची जागा. १९२५ साली ती जळाली, परत बांधली. मग सरोवराचं पाणीच मागं हटत गेलं आणि इमारत कोरड्या चिखलात उभी राहिली. १९५८ साली ती बंद पडली.

"हार्वी घरी आला आणि कंपनीतल्या जॉन क्लिफर्ड नावाच्या लेखकाला म्हणाला, मला एक सिनेमा लिहून दे. शेवटी त्या दिवाणखान्यात मेलेली माणसं नाचली पाहिजेत. बाकी तुझ्या मनाला येईल ते लिही."

"म्हणजे शेवट आधी आणि गोष्ट मागनं."

"जागा आधी, तात्या. जागा आधी आणि गोष्ट मागनं."

"पैसा?"

"सगळा मिळून ३३ हजार डॉलरच्या आसपास सांगतात. त्यातला बराचसा गावातल्या ओळखीच्या व्यापाऱ्यांनी घातलेला. कंपनीतून तीन आठवड्यांची रजा काढली, पाच-सहा माणसं घेतली. न्यूयॉर्कहून कँडेस हिलिगॉस ही एकच शिकलेली नटी आणली, बाकी बहुतेक आसपासचे लोक. सुरुवातीला ती ऑर्गनच्या कारखान्यात वाजवत बसलेली दिसते ना, तो कारखाना लॉरेन्समधलाच, खराखुरा. गाडी पडते तो पूलही जवळच्या लेकॉम्पटन गावचा."

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. दोन गाड्यांची शर्यत लागते. तीन मुली बसलेली गाडी पुलावरून नदीत कोसळते. शोधाशोध होते, गाडी सापडत नाही. तीन तासांनी त्यातली एक, मेरी हेन्री, चिखलानं माखलेली पाण्याबाहेर चालत येते. ती ऑर्गन वाजवणारी आहे. थोड्याच दिवसांत ती सॉल्ट लेक सिटीला एका चर्चमध्ये नोकरीला निघते. वाटेत गाडीच्या काचेत तिला तो पांढरा चेहरा दिसतो आणि लांबवर ती ओसाड इमारत दिसते. त्यानंतर दोन्ही तिचा पिच्छा सोडत नाहीत. शेवट मी सांगणार आहे, कारण आमचं भांडण शेवटापाशीच अडलं होतं. कॅन्ससमध्ये नदीतून गाडी वर ओढतात, तर आत मेरीचंही प्रेत बसलेलं असतं.

"हा शेवट मला दहाव्या मिनिटाला कळला," तात्या म्हणाले. "बुडालेली बाई तीन तासांनी पाण्यातून बाहेर येते आणि पुढं एकदाही रडत नाही. मैत्रिणी बुडाल्या, हिच्या डोळ्याला टिपूस नाही. पब्लिकनं जीव कुणावर टाकायचा? आमच्याकडं 'पुराना मंदिर' लागला होता, ८४ सालचा, रामसेंचा. पहिल्या दहा मिनिटांत सामरी सैतान दाखवला त्यांनी. तो अनिरुद्ध अगरवाल काय उभा राहायचा! बायका पोरांचे डोळे झाकायच्या आणि स्वतः बोटांच्या फटीतनं बघायच्या. मधे जगदीपचा 'शोले'चा खेळ होता, गाणी होती. घाबरलेल्या माणसाला दम खायला जागा द्यायला लागते. रामसेंकडं तरी कुठं पैसा होता? सगळी भावंडं मिळून काम करायची. पहिला भुताचा सिनेमा त्यांनी आपल्या महाबळेश्वरला काढला, 'दो गज जमीन के नीचे'. ७२ साली. पैसा नसला तरी पब्लिकला काय द्यायचं ते त्यांना कळत होतं."

रामसेंबद्दल मला तात्यांशी भांडायचं नव्हतं. त्यांनी आपल्या प्रेक्षकावर माया केली, हे मलाही मान्य आहे. पण मेरी रडत नाही, हा सिनेमाचा दोष आहे असं मला वाटत नाही.

"तात्या, त्या सिनेमातला प्रत्येक माणूस तिला काही ना काही सुनावतो, ते लक्षात आलं का? ऑर्गनच्या कारखान्यातला माणूस म्हणतो, जीव ओतून वाजव. पाद्री म्हणतो, लोकांत मिसळ. शेजारचा लिंडन म्हणतो, माझ्याबरोबर चल. डॉक्टर म्हणतो, मन मोकळं कर. ती फक्त म्हणते, मी माझं काम करीन, मला एकटीला राहू द्या. १९६२ साली एका तरुण बाईनं पडद्यावर हे म्हणणं लोकांना पटलं नसेल. आज मी वर्गात हा सिनेमा लावते तेव्हा मुली त्या पांढऱ्या चेहऱ्याबद्दल फारसं बोलत नाहीत. त्या लिंडनबद्दल बोलतात."

"तो मात्र नट आहे." तात्यांचा चेहरा खुलला. "सकाळी सकाळी कॉफी घेऊन दारात येतो आणि खिशातनं बाटली काढतो. असली माणसं मी बघितलीत. बोलताना दाराच्या फटीत पाय घालून उभी राहणारी. त्याचं काम खरं वाटलं."

"सिडनी बर्जर. नाटकातला माणूस."

"ते दिसतंच. बाकीचे पाठ केल्यासारखे बोलतात. कुठं कुठं ओठ एक म्हणतायत आणि आवाज दुसरंच. मागनं भरलेला आवाज आहे तो, मला फसवू नको. आणि तुझे लोक ह्यालाच कला म्हणतात. पैसा नव्हता म्हणून जे राहून गेलं, त्यालाच हळद-कुंकू वाहायचं?"

हा खरा मुद्दा होता आणि तो मला झटकून टाकता येत नव्हता. समीक्षा लिहिणाऱ्यांना ही खोड असतेच. जुन्या, गरिबीत काढलेल्या सिनेमातली प्रत्येक चूक कुणीतरी हेतुपूर्वक केली, असं आम्ही सांगत सुटतो. हार्वीनं ओठांचा आणि आवाजाचा मेळ मुद्दाम मोडला, असं मी म्हणणार नाही. पण दुकानातलं ते दृश्य चूक नव्हतं. मी रिमोट घेतला आणि सिनेमा तिथवर मागं नेला.

मेरी कपड्यांच्या दुकानात एक झगा घालून बघते. कपडे बदलायच्या खोलीत असताना चित्रावर पाण्यासारखी लाट उठते आणि विरते. ती बाहेर येते, काउंटरवरच्या बाईला काही विचारते. बाई वरसुद्धा बघत नाही. आता कान दिला की कळतं, दुकानाचा आवाज गेलेला आहे. माणसांची कुजबूज नाही, गल्ल्याची खणखण नाही. ती रस्त्यावर येते. गाड्या धावतायत, माणसं बोलतायत, तोंडं हलतायत, आणि ऐकू येतात फक्त तिच्या टाचा. टक, टक, टक. ती बागेत शिरते, एका झाडाला टेकते. वर कुठंतरी एक पाखरू बोलतं. त्या पाखरामागोमाग सगळं जग परत येतं, गाड्या, माणसं, सगळं.

तात्यांनी हात वर केला. "थांबव."

मी थांबवलं.

"आधी ती लाट दाखव परत."

मी दाखवली. ते बारकाईनं बघत होते, मशीनच्या खिडकीतून बघावं तसे.

"हे माझ्या थेटरात आलं असतं तर काय झालं असतं, सांगू? चित्र असं हललं की आम्ही समजायचो, लूप गेला. हात आपोआप मशीनकडं जायचा. आणि आवाज गेला म्हणजे एक्सायटर लॅम्प उडाला. साऊंड हेडमधला तो एवढासा दिवा. तो गेला की चित्र चालू आणि सिनेमा मुका. आवाज गेला की पब्लिक पडद्याकडं बघत नाही, मागं बघतं. केबिनच्या भोकाकडं. पाचशे माणसं एकदम मान वळवतात. मग शिट्ट्या, मग खुर्च्यांवर थापा, मग शिव्या. आईवरनं. त्या गोंधळात तुझं पाखरू कुणाला ऐकू येणार?"

मी वहीत टिपून घेतलं. हा सिनेमा मी निदान पंधरा वेळा पाहिला असेल, त्याच्यावर बोललेही आहे, पण हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं. सिनेमातला सगळ्यांत भेदक क्षण थेटरात मशीन बिघडल्यासारखा वाटणार. भरल्या थेटरात शांतता टिकत नाही. माणसं ती ताबडतोब भरून काढतात.

"आणि अमेरिकेत तर तो थेटरातही धड लागला नाही," मी म्हणाले. "बराचसा ड्राइव्ह-इनमध्ये लागला. मोकळ्या मैदानात मोठा पडदा, माणसं आपापल्या गाडीत बसलेली, खिडकीला टांगलेला एक छोटा स्पीकर. पोरंपोरी जोडीनं आलेली. हर्ट्स-लायन नावाच्या वितरकानं तो घेतला आणि 'द डेव्हिल्स मेसेंजर' नावाच्या दुसऱ्या सिनेमाला जोडून, एका तिकिटात दोन, असा लावला."

"जोडखेळ."

"हो. शिवाय मिनिटं कापली. आणि मग तो वितरकच बुडाला. लॉरेन्सच्या ज्या लोकांनी पैसे घातले होते त्यांच्या हातात काही पडलं नाही. हार्वी कंपनीत परत गेला. त्यानंतर त्यानं कथेचा दुसरा मोठा सिनेमा केला नाही. १९८० साली त्यानं 'शेक हँड्स विथ डेंजर' नावाची एक फिल्म केली, कामगारांनी मशीनवर अपघात कसे टाळावेत यावर."

तात्या बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "प्रिंट चालवून पैसे न देणारे आमच्याकडंही होते. नावं घेत नाही. जत्रेत गल्ला झाला की माणूस दुसऱ्या दिवशी दिसायचा नाही. तंबूवाला हातात दोरखंड घेऊन बसलेला." ते खिडकीबाहेर बघत होते. "मग तू म्हणतीस तो गाजला कसा? पेटीत पडून कुणी गाजत नाही."

"प्रिंटवर हक्काची ओळ घालायची राहिली होती. तिकडचा त्या वेळचा कायदा असा होता की ती ओळ नसेल तर सिनेमा कुणाच्याच मालकीचा नाही. सार्वजनिक. त्यामुळं टीव्हीवाल्या छोट्या स्टेशनांना तो फुकट मिळाला. रात्री एक वाजता, दोन वाजता, जाहिरातींच्या मधे काहीतरी हवं म्हणून ते लावायचे. वर्षानुवर्षं."

"म्हणजे मालकाला काही नाही."

"नाही."

"हे तू मला कौतुकानं सांगतीयस?"

"नाही, तात्या. वाईटच वाटतं मला त्याचं. पण झालं ते असं झालं. झोप न येणारी माणसं, रात्रपाळीहून आलेली माणसं, आईबाप झोपल्यावर आवाज बारीक करून टीव्ही लावणारी पोरं, यांनी तो पाहिला. शेवट चुकला, सुरुवात चुकली, नाव कळलं नाही. मोठेपणी त्यांना फक्त तेवढं आठवायचं, एक ओसाड इमारत आणि नाचणारे मुडदे. आपण हे पाहिलं की स्वप्नात पडलं, हे त्यांना सांगता येत नव्हतं. १९८९ साली जे थेटरात गेले असतील, त्यांतले कितीतरी त्या आठवणीची खात्री करून घ्यायला गेले असतील असं मला वाटतं."

"तुला वाटतं."

"हो, मला वाटतं."

"मग ते पब्लिक नव्हे. ती एकेकटी माणसं झाली." तात्यांनी बोट नाचवलं. "फुकट बघणारा माणूस काय परीक्षा करणार? समोर दुसरं काही नाही, झोप नाही, उठून जायला जागा नाही. त्याला कशाचीही भुरळ पडेल."

"पण असा माणूस मान वळवून मागं बघत नाही ना. त्याच्या मागं भिंत असते. आवाज गेला की तो मशीनला शिव्या घालत नाही. त्याला आधी वाटतं, घरातलाच आवाज गेला."

यावर त्यांनी काही म्हटलं नाही. पाऊस जरा उणावला होता. पन्हळीखालच्या बादलीत पाणी पडत होतं, तेवढंच ऐकू येत होतं. आम्ही दोघंही ते ऐकत होतो, हे दोघांनाही कळलं.

मग मी त्यांना जे सांगितलं ते माझं स्वतःचं मत आहे. हार्वीनं वर्षानुवर्षं शाळेच्या आणि कारखान्याच्या फिल्म केल्या होत्या. त्या फिल्ममधल्या खोल्या साध्या, उजेड सपाट, माणसं सरळ उभी राहून नीट बोलतात. हार्वीनं भुताचा सिनेमाही त्याच हातानं काढला. भाड्याची खोली आहे, बाथरूम आहे, दुकान आहे, बसचा थांबा आहे, चर्च आहे. त्यात कुठंही धुकं नाही, जाळी-जळमटं नाहीत. म्हणूनच त्या खोल्यांतून आवाज निघून जातो तेव्हा अंगावर काटा येतो. वाड्यात भूत असणार, हे माणूस धरूनच चालतो. साड्यांच्या दुकानात भर दुपारी आपण कुणाला दिसेनासे झालो, तर त्या भीतीला तयारी नसते. १९९८ साली याच नावानं रंगीत सिनेमा आला, वेस क्रेव्हनचं नाव लावून. पैसा जास्त होता, भुतंही जास्त होती. तो कुणाच्या लक्षात नाही.

"तिच्या हातांचं बघा," मी म्हणाले आणि चर्चमधलं दृश्य लावलं.

मेरी एकटीच ऑर्गनवर सराव करतेय. ठरलेली, देवळाची म्हणावी अशी चाल. मग बोटं जराशी वाकडी पडतात, जणू दुसऱ्या कुणाची आहेत. चाल बदलते. पायाखालच्या पट्ट्यांवर तिचे अनवाणी पाय फिरतायत. डोळे उघडे, पण बघत काही नाहीत. मधेमधे ती इमारत दिसते, पाण्यातून वर येणारे चेहरे दिसतात, जोड्या नाचताना दिसतात. आणि अचानक दोन मोठे हात तिच्या हातांवर येऊन पडतात. पाद्री. त्याला ते संगीत पाखंड वाटतं. तो तिला तिथल्या तिथं कामावरून काढतो.

"सबंध सिनेमात ती एकदाच जीव ओतून वाजवते," मी म्हणाले, "आणि त्याच पायी नोकरी जाते."

"आईला, हो की," तात्या पुटपुटले. मग सावरून म्हणाले, "हे चांगलंय. ऑर्गनही चांगला आहे. दुसरं वाद्यच नाही सिनेमात."

"जीन मूर नावाच्या माणसानं केलंय. एक ऑर्गन, बस."

"पण तरी मी म्हणीन, पब्लिक चुकलं नाही. भुताचा सिनेमा म्हणून जाहिरात केली, भुताचा सिनेमा बघायला माणसं आली. त्यांना दुसरंच काहीतरी दिलं. रागावणारच."

"पण मग चूक कुणाची?"

"लावणाऱ्याची." हे त्यांनी इतक्या सहज म्हटलं की मी बघतच राहिले. "कुठं, कधी आणि कुणाला दाखवायचं हे लावणाऱ्यानं बघायचं असतं. काढणाऱ्यानं काढला, बघणाऱ्यानं बघितला. मधला माणूस चुकला. शनिवारच्या रात्री पोरापोरींसमोर हा लावायचा नव्हता."

मी म्हटलं, थोडक्यात हेच मी संध्याकाळपासून सांगतेय. ते म्हणाले, नाही, तू म्हणतीस पब्लिकला कळलं नाही. मी म्हणतो, पब्लिकला त्याच्या जागी कळलं, पण जागा चुकीची होती. हे दोन्ही एक नव्हे. आणि मला कबूल करावं लागलं की ते एक नव्हे.

"बरं, मला ती शेवटची इमारत दाखव," ते म्हणाले. "आवाज बंद करून दाखव."

मी आवाज बंद केला. मेरी त्या ओसाड जागेत एकटीच फिरते. कागदी पताका छतावरून लोंबतायत. घसरगुंडीवरून एक चटई आपोआप घसरत खाली येते. मोठा दिवाणखाना. मग पांढऱ्या चेहऱ्यांच्या जोड्या, गरगर. त्या जोड्यांत ती स्वतःलाच नाचताना बघते, त्या पांढऱ्या माणसाच्या मिठीत. मग पळणं, वाळू, तिच्यावर झुकलेले चेहरे. दुसऱ्या दिवशी डॉक्टर, पाद्री आणि पोलीस वाळूत उभे आहेत. पावलं एका जागेपर्यंत येतात आणि तिथं संपतात.

"ती इमारत आहे अजून?" तात्यांनी विचारलं.

"१९७० साली परत जळाली. ही नाही राहिली. सिनेमात आहे तेवढीच."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ त्यांनी काही विचारलं नाही. मग पडद्याकडं बघतच बोलायला लागले.

"पुसेगावची जत्रा उठली की दुसऱ्या दिवशी मैदान बघवायचं नाही. कागद, नारळाच्या शेंड्या, बैलांच्या शेणाचा वास. रहाटपाळण्याचे खांब उभे आणि पाळणे काढलेले. आमचा तंबू सगळ्यांत शेवटी निघायचा, कारण जनरेटरची गाडी आमची. त्या रात्री मैदानात कोण असायचं? पाळणेवाले, बांगड्यांची दुकानं आवरणाऱ्या बायका, मौत का कुआँवाली दोन पोरं, फडातली चार-दोन माणसं. दिवसभर लोकांना हसवून, ओरडून घसा बसलेली. कुणाला कुणाशी बोलायचं नसायचं. मालक म्हणायचा, एक खेळ लाव, यांच्यासाठी, फुकट. मी काहीतरी हाणामारीचं लावायचो. ती बघायची नाहीत, नुसती बसायची तंबूत. झोपायला घर नव्हतं म्हणून बसायची."

"आणि?"

"त्यांना हा दाखवायला हवा होता." त्यांनी माझ्या हातातला रिमोट घेतला, तो नीट धरता येईना, तरी बटण सापडलं. "ती लोकं आवाज गेल्यावर मागं बघायची नाहीत. लाव परत. ते पाखरू बोलतं तिथनं."